प्रौढांचे ऑनलाइन शिक्षण : शिकणाऱ्याच्या मापाने

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील ज्ञानसत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी बोलण्याची संधी माझ्यासारख्या कापडाच्या व्यापाऱ्याला मिळाली, हे मी माझे भाग्य समजतो. मी पंडित नाही, शिक्षणशास्त्राचा अभ्यासकही नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि गादीवर बसून केलेला व्यवहार, एवढीच माझी शिदोरी. परंतु गेली काही वर्षे ट्रस्टच्या ऑनलाइन स्वाध्यायवर्गाची व्यवस्था आपण माझ्याकडे सोपवली. त्या कामात मी चुकलो, त्या चुकांतून काही शिकलो, आणि जे शिकलो ते आज संघापुढे ठेवणे मला आवश्यक वाटते. याचे कारणही तसेच आहे. ज्ञानखात्यातील सुवर्णमहोत्सवी निधीतून अद्ययावत चित्रीकरण कक्ष उभारावा, नामवंत वक्त्यांच्या प्रवचनमाला चित्रित कराव्यात आणि त्या घरोघरी पोचवाव्यात, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या विचाराधीन आहे. प्रस्ताव मांडणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तथापि, निधी खर्च होण्यापूर्वी एका प्रश्नाचा विचार व्हावा, अशी माझी नम्र विनंती आहे. तो प्रश्न असा : आपल्याला काय शिकवायचे आहे हे आपण ठरवले, पण शिकणारा कोण आहे, हे आपण पाहिले काय?

घर गाठणे आणि माणूस गाठणे

घरी राहून, संसार आणि व्यवसाय सांभाळून शिकणे ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. पाथर्डी येथील श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्डाची स्थापना १९३६ साली झाली. आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराजांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या त्या बोर्डाच्या परीक्षांनी कितीतरी गृहिणींच्या आणि व्यापाऱ्यांच्या हाती पुस्तक दिले. राजस्थानातील लाडनूँ येथील जैन विश्व भारतीला १९९१ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि तेथील दूरशिक्षणाचा लाभ देशभरातील जिज्ञासू घेत आले आहेत. व्यापक समाजाकडे पाहिले तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली, आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झाले. ज्यांचे शिक्षण परिस्थितीमुळे अर्धवट राहिले, अशांसाठी ज्ञानगंगा घरोघरी नेण्याचा तो प्रयत्न होता. पुढे २०१७ साली केंद्र सरकारने 'स्वयम्' हे ऑनलाइन व्यासपीठ उघडले.

या सर्वांनी शिक्षण घराच्या उंबरठ्यापर्यंत आणले, हे त्यांचे मोठे ऋण आहे. परंतु घर गाठणे आणि माणूस गाठणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जगभरातील मोठमोठ्या विद्यापीठांच्या विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव नोंदवणारे असंख्य असतात, आणि शेवटपर्यंत टिकणारे अगदी थोडे, हा अनुभव आता सर्वमान्य आहे. आपल्या लहानशा वर्गातही तेच घडले.

माझी चूक

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. स्थानक बंद, दुकान बंद. त्या उदास दिवसांत आपण मोबाइलवरून वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी पडद्यावर चेहरे मावत नव्हते. पुणे, बंगळूर, इतकेच काय, परदेशात दिलेल्या आपल्या लेकीसुद्धा आल्या होत्या. माझे मन भरून आले. मी लगेच एक वर्षाचा अभ्यासक्रम आखला : पच्चीस बोलाचा थोकडा, त्यानंतर नवतत्त्वे, त्यानंतर बारा व्रते. रोज एक तास व्याख्यान, महिन्याच्या अखेरीस परीक्षा.

बंधू-भगिनींनो, हे सर्व मी एकट्याने, माझ्या गादीवर बसून ठरवले. एकाही विद्यार्थ्याला विचारले नाही. व्यापारात मी असे कधी केले नसते. गिऱ्हाईक दुकानात आल्यावर त्याच्यापुढे अख्खे थान टाकून 'हे घ्या' असे कोणी म्हणत नाही. आपण आधी विचारतो : कशासाठी हवे, कोणासाठी हवे, किती हवे? परंतु ज्ञानाच्या बाबतीत मात्र मी थान टाकले आणि माप घेतलेच नाही.

चार महिन्यांत वर्ग ओसरला. मी म्हणालो, लोकांना धर्माची गोडी राहिली नाही. दोष दुसऱ्यावर टाकणे किती सोपे असते! माझे डोळे उघडले ते एका प्रसंगाने. आपल्या संघातील एक ज्येष्ठ श्राविका त्या वर्गात होत्या. त्यांचे नाव मी घेत नाही. संपूर्ण प्रतिक्रमण त्यांना मुखोद्गत, थोकडे तोंडपाठ. पहिली परीक्षा मोबाइलवर झाली : चार पर्याय, त्यांतला एक निवडायचा, वेळ ठरलेला. गुणांची यादी मी उत्साहाने क्रमवार सर्व गटाला पाठवली. त्या यादीत त्यांचे नाव शेवटचे होते. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. टाळेबंदी शिथिल झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. त्या म्हणाल्या, "भाऊ, मला बोल येत नाहीत असं नाही. मला तुमचं बटण येत नाही. पण ती यादी माझ्या नातवंडांनी वाचली."

मला उत्तर सुचले नाही. ज्ञानाची आणि ज्ञानवंताची आशातना करू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्ञान देण्याच्या नावाखाली ती माझ्याच हातून घडली होती.

प्रौढ विद्यार्थी कोण?

त्यानंतर मी थोडे वाचन केले, जाणकारांना विचारले. माल्कम नोल्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९७० च्या सुमारास प्रौढांच्या शिक्षणाविषयी मांडलेले विचार माझ्या वाचनात आले. त्यांचा आशय साधा आहे. मूल शिकते कारण त्याला शाळेत घातलेले असते. प्रौढ शिकतो कारण त्याला गरज वाटते. 'हे मी का शिकावे?' याचे उत्तर त्याला आधी हवे असते. स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची त्याला सवय असते, म्हणून कोणी लहान मुलासारखे वागवले तर तो बोलून दाखवत नाही, निघून जातो. त्याच्या गाठीशी आयुष्याचा अनुभव असतो, आणि नवे ज्ञान त्या अनुभवाला जोडले गेले तरच ते टिकते. शिकलेले लगेच वापरता यावे, अशी त्याची अपेक्षा असते.

हे वाचताना मला माझाच एक अनुभव आठवला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यापूर्वी कापडावर विक्रीकर नसल्यामुळे आमच्यापैकी अनेकांना कराचे विवरणपत्र ठाऊकच नव्हते. या विषयावरील एका मोठ्या व्याख्यानाला मी तीन तास बसलो. पदवीधर असूनही घरी आलो तेव्हा डोक्यात फक्त गोंधळ होता. मग करसल्लागाराच्या कार्यालयातील एक तरुण माझ्या शेजारी बसला. त्याने माझेच बिलबुक उघडले, माझेच एक बिल घेतले, आणि अर्ध्या तासात मला सर्व उलगडले. व्याख्यात्याचे ज्ञान त्या तरुणापेक्षा निश्चितच अधिक होते. परंतु व्याख्याता कायद्यापासून सुरू झाला, आणि हा तरुण माझ्यापासून.

विद्यार्थीकेंद्री शिक्षण म्हणतात ते हेच. विद्यार्थ्याला आवडेल तेवढेच सांगणे, किंवा सिद्धांत सोपा करण्याच्या भरात पातळ करणे, असा त्याचा अर्थ नाही. सिद्धांत तोच राहतो. सुरुवात मात्र शिकणाऱ्यापासून होते. आपल्या परंपरेत याचा केवढा थोर आदर्श आहे! भगवंतांनी उपदेश दिला तो पंडितांच्या संस्कृतात नव्हे, तर लोकांच्या अर्धमागधीत; आणि समवसरणातील प्रत्येक जीवाला तो आपापल्या भाषेत उमगे, अशी आपली श्रद्धा आहे.

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा आपण सर्व जाणतो. आनंद हा गृहस्थ. संथाऱ्यात असताना त्याला अवधिज्ञान झाले. गृहस्थाला इतके व्यापक अवधिज्ञान होणार नाही, असे गौतमस्वामींना वाटले आणि त्यांनी त्याला आलोचना करण्यास सांगितले. भगवंतांनी मात्र आनंदाचे म्हणणे खरे असल्याचा निर्वाळा दिला, आणि प्रथम गणधर गौतमस्वामी एका श्रावकाकडे क्षमा मागण्यासाठी परत गेले. प्रौढ विद्यार्थ्याचा अनुभव खरा असू शकतो, गुरूनेही त्यापुढे थांबावे, याहून मोठा धडा कोणते शिक्षणशास्त्र देणार?

स्वाध्यायाचे पाच प्रकार, वर्गाची पाच अंगे

दुसऱ्यांदा वर्ग उभा करताना आम्ही आगमांचाच आधार घेतला. स्वाध्याय हे आभ्यंतर तप, आणि त्याचे पाच प्रकार : वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. माझ्या लक्षात आले, की पहिल्या वर्षी आम्ही केवळ वाचना केली होती, आणि उरलेल्या चारांना सुट्टी दिली होती.

वाचना, म्हणजे पाठ घेणे. ऑनलाइन वर्गात पाठ लहान असावा. एका मोठ्या ऑनलाइन संस्थेच्या अभ्यासक्रमांत चित्रफिती पाहण्याचे सुमारे ६९ लाख प्रसंग अभ्यासकांनी तपासले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले, की चित्रफीत कितीही लांब असली तरी सर्वसाधारण विद्यार्थी सहा मिनिटांपलीकडे फारसा टिकत नाही. आम्ही एक तासाचे व्याख्यान मोडून पाच-सहा मिनिटांचे पाठ केले. एका पाठात एकच बोल : आज चार गती, उद्या पाच जाती. आणि चित्राऐवजी बहुधा केवळ आवाज पाठवू लागलो. भाजी निवडताना, दुकान उघडताना तो ऐकता येतो, डोळ्यांना ताण पडत नाही, आणि मोबाइलचा डेटाही थोडाच लागतो.

पृच्छना, म्हणजे प्रश्न विचारणे. भगवती सूत्रात परंपरेने छत्तीस हजार प्रश्नोत्तरे मानली जातात. गौतमस्वामी विचारत गेले, म्हणून आपल्याला उत्तरे मिळाली. परंतु साठ चेहऱ्यांपुढे आपले अज्ञान उघड करण्याचे धैर्य प्रौढ माणसाला सहसा होत नाही. म्हणून आम्ही आठ-आठ जणांचे गट केले. ज्याला गटातही संकोच वाटेल, त्याने स्वाध्यायींना स्वतंत्रपणे आवाजी निरोप पाठवावा, अशी सोय ठेवली. विचारणाऱ्याचे नाव न घेता तो प्रश्न पुढच्या बैठकीत घेतला जातो. आमच्या अनुभवात सर्वांत मूलभूत आणि सर्वांना उपयोगी प्रश्न याच मार्गाने आले.

परिवर्तना, म्हणजे आवर्तन, पुन्हा पुन्हा उजळणी. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेले प्रथम फार वेगाने विसरते, आणि काही अंतराने केलेली उजळणी ते टिकवते. अमेरिकेतील दोन संशोधकांनी २००६ साली आणखी एक गोष्ट दाखवली : पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, पुस्तक मिटून आठवून पाहणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहते. पाठशाळेत आपल्याकडून गाथा म्हणून घेत असत, त्यामागील शास्त्र हेच नव्हे काय? म्हणून आमच्या वर्गात पाठानंतर पहिल्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि पंधरवड्यानंतर एक-एक प्रश्न जातो. गुण नाहीत, यादी नाही. उत्तर चुकले तर पाठ पुन्हा ऐकायचा, एवढेच.

अनुप्रेक्षा, म्हणजे चिंतन. शिकलेले स्वतःच्या जीवनाला लावून पाहणे. माझ्या मते प्रौढांच्या शिक्षणाचा हा प्राण आहे. तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत खोटे वजन आणि खोटे माप यांचा समावेश आहे. पहिल्या वर्षी मी पाचही अतिचारांची व्याख्या सांगितली आणि पुढे गेलो. दुसऱ्या वेळी स्वाध्यायींनी फक्त विचारले : तुमच्या रोजच्या कामात हा अतिचार कोठे शिरतो? थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक तरुण दुकानदार म्हणाला, "कापड मोजताना आम्ही ते ताणून धरतो. मीटरला बोटभर वाचतं. माझ्या वडिलांनी शिकवलं, त्यांना आजोबांनी. हे त्यात येतं का?"

मी त्या गटात विद्यार्थी म्हणून बसलो होतो. बंधू-भगिनींनो, चाळीस वर्षे दुकान चालवलेला हा माणूस त्या क्षणी पडद्यासमोर मान खाली घालून बसला. व्रताची व्याख्या मला शाळकरी वयापासून पाठ होती. तिचा अर्थ त्या दिवशी कळला. दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्यावर मी नोकरांना एकत्र बोलावले आणि सांगितले, की यापुढे कापड सैल धरून मोजायचे. कोणत्याही चित्रफितीने हे माझ्याकडून करवून घेतले नसते.

पाचवे अंग धर्मकथा, म्हणजे शिकलेले दुसऱ्याला सांगणे. आपल्या स्वाध्यायी परंपरेत, जेथे संत-सतीजींचा योग नाही अशा गावी पर्युषणात श्रावक-श्राविका जाऊन धर्माराधना करवतात. त्याच धर्तीवर आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला महिन्यातून एकदा पाच मिनिटे एक बोल समजावून सांगण्यास देतो. सून सासूला सांगते, आजोबा नातवाला. सांगताना अडले, की काय आले नाही ते माणसाला स्वतःलाच कळते. त्याहून चांगली परीक्षा नाही.

काल, अक्षर आणि माणूस

ज्ञानाच्या आठ आचारांत पहिला आचार 'काल' हा आहे. योग्य वेळी अध्ययन करावे, हा त्याचा अर्थ. त्याच्या आधारे मी एक व्यावहारिक बोधही घेतला, की शिकणाऱ्याची वेळ पाहावी. पहिल्या वर्षी मी रात्री साडेआठची वेळ ठेवली, कारण ती मला सोयीची होती. बाजारपेठेतली दुकाने तेव्हा नुकती बंद होत असतात, आणि घरातील भगिनींची आवराआवर चालू असते. विचारल्यावर कळले, की महिलांना दुपारी अडीचची वेळ हवी, नोकरदारांना रविवार सकाळ, आणि परदेशातील लेकींना कोणतीच ठराविक वेळ जमत नाही. त्यांना पाठ त्यांच्या सवडीने हवा. मग एकत्र बैठक आठवड्यातून एकच ठेवली, गटागटाने वेगळ्या वेळी, आणि बाकी पाठ ज्याने त्याने आपल्या वेळी घ्यावा असे ठरवले.

एक गमतीची गोष्ट सांगतो. आपली सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांची. मोबाइलवरील विनामूल्य बैठक चाळीस मिनिटांनी आपोआप बंद होई, आणि वक्त्याचे वाक्य अर्धवट तुटे. आम्ही त्रासलो होतो. शेवटी बैठकच पस्तीस मिनिटांची केली. दहा मिनिटे उजळणी, पंधरा मिनिटे चर्चा, दहा मिनिटे शंकासमाधान. वेळ कमी झाल्याने शिकणे कमी झाले नाही. बोलणारे नेमके बोलू लागले.

लहान वाटणाऱ्या आणखी काही गोष्टी आहेत. अक्षर मोठे असावे. साठीनंतरचे डोळे बारीक छपाईशी झगडून थकतात. एका पडद्यावर चार-पाच ओळींहून अधिक मजकूर नसावा. सूचना मराठीतून असाव्यात, आणि रोज त्याच ठिकाणी, त्याच क्रमाने याव्यात. अनेक भगिनींकडे स्वतःचा मोबाइल नसतो, मुलगा घरी आल्यावर त्याचा मिळतो, हे ध्यानात ठेवावे. वर्ग सुरू होण्यापूर्वी एक आठवडा केवळ यंत्र हाताळण्याच्या सरावासाठी द्यावा. हे काम युवक मंडळाच्या मुला-मुलींनी घरोघरी जाऊन केले. त्या निमित्ताने जी पिढी स्थानकात क्वचित दिसते, ती ज्येष्ठांच्या शेजारी तासभर बसली, हा लाभ मी कोणत्याही अभ्यासक्रमाहून कमी मानत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणूस. प्रत्येक आठ जणांमागे एक स्वाध्यायी आहे. सलग दोन बैठकांना कोणी आले नाही, तर स्वाध्यायी दूरध्वनी करतात. 'का आला नाहीत?' असे विचारत नाहीत, तर 'प्रकृती बरी आहे ना?' असे विचारतात. कधी घरात आजारपण असते, कधी दुकानात मंदी असते, कधी नुसता संकोच असतो. चित्रफीत कधीही कोणाला दूरध्वनी करत नाही.

परीक्षेतही निवड ठेवली आहे. लेखी द्यावी, तोंडी द्यावी, की एखादा बोल कोणाला तरी समजावून सांगावा, हे विद्यार्थ्याने ठरवावे. निकाल फक्त त्यालाच कळवला जातो.

मर्यादाही ओळखाव्यात

ऑनलाइन शिक्षणाने सर्व साधेल, असा माझा दावा नाही. सामायिकेत आपण यंत्राला स्पर्श करत नाही. त्यामुळे हा वर्ग सामायिकेची जागा घेऊ शकत नाही, आणि घेऊ नये. संत-सतीजींच्या यंत्रविषयक मर्यादांचा पूर्ण आदर राखून वर्गाची जबाबदारी श्रावक-श्राविकांनीच उचलावी, असे आपण पहिल्यापासून पाळले आहे. चातुर्मासातील प्रत्यक्ष प्रवचनाचा, वंदनाचा, साधार्मिकांच्या सहवासाचा लाभ पडद्यावर मिळणार नाही. ऑनलाइन वर्ग ही स्थानकाकडे येणारी पायवाट असावी. तिने स्थानकच विसरायला लावू नये.

आणि सर्वच परत आले, असेही नाही. ज्या श्राविकांचा उल्लेख मी केला, त्या पुन्हा वर्गात आल्या नाहीत. सुनेच्या मोबाइलवर त्या पाठ ऐकतात, असे मला कळते. एकदा त्यांनी सुनेकरवी निरोप पाठवला, की एका पाठात योगाचे पंधरा भेद सांगताना स्वाध्यायींनी एक गाळला होता. आम्ही पाठ दुरुस्त करून पुन्हा पाठवला, आणि चूक दाखवल्याबद्दल त्यांचे आभार मानले. आमच्या सर्वांहून अधिक जाणणाऱ्या त्या बाई गटात स्वाध्यायी म्हणून बसायला हव्या होत्या. एका यादीपायी संघाने तो लाभ गमावला, आणि ती यादी मी पाठवली होती.

विनंती

म्हणून विश्वस्त मंडळास माझी हात जोडून विनंती आहे. चित्रीकरण कक्ष वाईट नाही. परंतु तो थान वाढवील, माप घेणार नाही. उत्तम प्रवचने आज अनेक ठिकाणी ध्वनिमुद्रित उपलब्ध आहेत. उणीव आहे ती ऐकणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्या माणसाची. सुवर्णमहोत्सवी निधीचा मोठा भाग आपण स्वाध्यायी घडवण्यासाठी खर्च करावा. प्रश्न कसा विचारावा, गप्प बसलेल्याला बोलते कसे करावे, चूक न दुखावता कशी दाखवावी, याचे प्रशिक्षण त्यांना मिळावे. मोठ्या अक्षरांतील पाठ्यपुस्तिका छापाव्यात. ज्यांच्याकडे साधन नाही, त्यांना साधार्मिक भावनेने, नाव प्रकट न करता, साधन पुरवावे. आणि पुढील अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीत निम्मे सभासद विद्यार्थ्यांपैकी असावेत. त्यानंतर काही शिल्लक उरल्यास चित्रीकरणाचा विचार अवश्य व्हावा. त्याला माझा विरोध राहणार नाही.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या वडीलधाऱ्यांनी हा ट्रस्ट उभारला, त्यांच्यापैकी बहुतेकांचे शालेय शिक्षण जेमतेम झाले होते. परंतु दारी आलेल्या प्रत्येकाला ते प्रथम विचारत, "काय हवं?" त्यांची ती विचारपूस आपण पुढील पन्नास वर्षे चालू ठेवावी.

कापड मोजताना ते ताणू नये, हे मला एका विद्यार्थ्याने शिकवले. शिकणाऱ्या माणसालाही आपल्या अभ्यासक्रमाच्या लांबीपर्यंत ताणू नये, एवढेच मी त्यात जोडतो.

बोलताना जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर अंतःकरणपूर्वक मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!